रोजच्या बैठकीची घडी कशी बसवावी: नोकरी-घर सांभाळणाऱ्या कलाकारांसाठी

समजा, रात्री साडेनऊला चाळीस मिनिटं मोकळी मिळाली. टेबलावरचे कागद, चार्जर आणि मुलांच्या वह्या उचलण्यात पाच मिनिटं गेली. कपाटातून रंगांचा डबा काढणं, पाणी आणणं, कुंचले पुसायचं फडकं शोधणं यात सात. गेल्या आठवड्यात चित्र कुठवर आलं होतं आणि पुढे काय करायचं होतं, हे आठवण्यात आणखी पाच. शेवटी कुंचले धुऊन टेबल रिकामं करायला आठ. चाळीसातली पंचवीस मिनिटं पसारा मांडण्या-आवरण्यात संपली, कागदाला रंग लागला तो पंधराच मिनिटं. असं दोन-तीनदा झालं की चौथ्या रात्री हात कपाटाकडे जातच नाही. आपण त्याला आळस म्हणतो. खरं तर मनाने मांडलेला तो साधा हिशेब असतो, आणि तो चुकलेलाही नसतो.

वेळ अपुरा असलेल्या कलाकाराची सवय बहुतेक वेळा इथेच मोडते. म्हणून या लेखाचा भर त्या पंचवीस मिनिटांवर आहे. ती पाच-सहावर आली, तर उरलेला वेळ कामाला पुरतो. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला निव्वळ कामाची पंचवीस मिनिटं धरली तर आठवड्याला १२५ मिनिटं होतात. आजारपण, प्रवास, पाहुणे यांना वर्षातले चार आठवडे देऊन टाकले तरी ४८ आठवड्यांत १०० तास काम होतं. लिहिणाऱ्याने दर बैठकीला २०० शब्द धरले, तर २४० बैठकांत ४८,००० शब्द.

आधी सात दिवस फक्त नोंद

कोणताही संकल्प सोडण्याआधी एक आठवडा नुसतं बघा. चोवीस तासांचा जमाखर्च लिहीत बसू नका, तो तिसऱ्या दिवशी बंद पडतो. दिवसात जेव्हा जेव्हा सलग वीस मिनिटं तुमच्या हातात होती, तेवढ्याच जागा टिपा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: वेळ, त्या वेळी डोकं ताजं होतं की थकलेलं, आणि मध्येच कुणी हाक मारण्याची शक्यता किती. त्या वीस मिनिटांत प्रत्यक्षात काय केलंत तेही लिहिलंत तर उत्तम. उत्तर बहुधा 'फोन' असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण जागा कुठे आहे ते कळतं.

आठवडा संपला की सातपैकी किमान चार दिवस जी जागा आपसूक रिकामी होती, ती निवडा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्यात चांगली जागा निवडणं. रविवारची सलग तीन तासांची दुपार कुणालाही मोहात पाडते, पण घरातलं प्रत्येक काम, प्रत्येक पाहुणा आणि प्रत्येक राहून गेलेली झोप त्याच दुपारवर डोळा ठेवून असते. शिवाय दोन रविवारांमध्ये सहा दिवसांची फट पडते आणि तेवढ्यात कामाचा धागा सुटतो. मंगळवारची सकाळची वीस मिनिटं दिसायला क्षुल्लक असतात, म्हणूनच त्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही.

घड्याळाला नव्हे, घटनेला बांधा

'रात्री नऊला बसायचं' असं ठरवलं आणि नऊ वाजून दहा मिनिटं झाली, की मनात लगेच येतं, 'आजचं हुकलं'. घटनेला बांधलेली बैठक अशी हुकत नाही. 'जेवणं आवरून स्वयंपाकघरातला दिवा मालवला, की टेबलाशी बसायचं' असं वाक्य तयार करा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात या 'अमुक झालं की तमुक करायचं' पद्धतीच्या नियोजनावर बरंच काम केलं. नुसत्या 'मी नियमित काम करेन' या निश्चयापेक्षा असं बांधून घेतलेलं वाक्य जास्त पाळलं जातं, कारण आत्ता बसायचं की नाही हा निर्णय त्या क्षणी नव्याने घ्यावा लागत नाही.

घटना निवडताना तीन कसोट्या लावा. ती रोज घडते का? तिचा शेवट स्पष्ट आहे का? आणि ती संपते तिथून तुमची कामाची जागा दहा पावलांत आहे का? 'ऑफिसमधून आल्यावर' ही घटना वरवर बरी वाटते, पण तिला शेवट नसतो: चपला काढल्या की फोन, फोनवरून गप्पा, गप्पांवरून जेवण. 'मुलं शाळेच्या बसमध्ये चढली, दार लावलं' ही पक्की घटना आहे. दार लावल्याचा आवाज येतो, तिथून पुढे बैठक.

किमान काम इतकं लहान, की हसू यावं

प्रत्येक बैठकीला दोन मर्यादा हव्यात, खालची आणि वरची. खालची अशी ठेवा, की डोकं दुखत असताना, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असतानाही ती पुरी व्हावी. चित्रकाराला पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत एक पेन्सिल-रेखाटन. लिहिणाऱ्याला पन्नास शब्द. गाणाऱ्याला षड्ज लावून पाच मिनिटांचा स्वरभरणा. वादकाला एकच ओळ, धिम्या लयीत दहा वेळा. भरतकाम करणाऱ्याला दोऱ्याची एक लांबी, साधारण ४५ सेंटीमीटर. एवढं झालं की त्या दिवसाची बैठक झाली, आणि त्यात अर्धवट असं काही धरायचं नाही.

वरची मर्यादा लोक ठेवत नाहीत आणि तिथे फसतात. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज दोन तास बसलात, तर ते तास झोपेतून किंवा घरच्या कामातून उसने आलेले असतात. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही सावकार दारात उभे राहतात. पहिले तीन आठवडे कितीही रंगात आलात तरी ४५ मिनिटांना उठा. हात शिवशिवत असताना उठणं जड जातं, पण दुसऱ्या दिवशी बसायला ओढ राहते ती त्यामुळेच.

मोजायचं काय, वेळ की नग? कामाची सुरुवात, आराखडा, शोधाशोध चालू असेल तेव्हा वेळ मोजा, कारण तिथे तासभर बसूनही हाती काही लागत नाही असे दिवस येतात. काम ओळीला लागलं, की नग मोजा: पानं, शब्द, चौकटी. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यात नोकरी करायचा. नोकरीवर जाण्याआधी, पहाटे साडेपाचपासून तीन तास तो लिहायला बसे, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. हा आकडा ऐकून धडकी भरते. पण त्याच्या पद्धतीतला शिकण्यासारखा भाग वेगळाच आहे: बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचून काढी. म्हणजे एवढ्या शिस्तीच्या माणसालाही आदल्या दिवसाचा सूर पकडायला वेळ लागत होता. तो वेळ आपण कसा वाचवायचा, ते पुढे येईल.

मांडणी: नव्वद सेकंदांची कसोटी

आता मुख्य काम. घड्याळ लावा आणि मोजा: 'बसतो' म्हटल्यापासून कामाची पहिली खूण उमटेपर्यंत किती वेळ जातो? तो नव्वद सेकंदांवर यायला हवा. स्वतंत्र खोली असेल तर सोपं आहे. नसेल, तर एक ताट किंवा झाकणाचा उथळ खोका घ्या, ज्यात चालू कामाचं सगळं सामान मांडलेल्या अवस्थेत राहील. ताट टेबलावर ठेवलं की बैठक सुरू, उचललं की बंद. ताटात फक्त चालू कामापुरतं सामान असावं. बारा कुंचल्यांतले तीन, वीस रंगांतले सहा. बाकीचं कपाटात. पुढचे तपशील माध्यमानुसार बदलतात आणि खरी मेख तिथेच असते.

जलरंग वेळ कमी असणाऱ्यांचं माध्यम म्हणायला हरकत नाही. ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत काढून एक-दोन दिवस सुकू द्या. त्यांचा बांध गम अरेबिकचा असतो, त्यामुळे पाणी लागताच ते पुन्हा सैल होतात. बसण्याआधी दोन मिनिटं स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे दोन फवारे मारा, म्हणजे घासघास करून कुंचल्याचे केस झिजणार नाहीत. पॅलेट ओलं असताना झाकण लावून ठेवू नका, बुरशी येते. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड असेल आणि आकार लहान असेल, तर तो ताणून चिकटवण्यात वेळ घालवावा लागत नाही. चार कडांना कागदी टेप पुरते.

ऍक्रिलिक याच्या उलट. पातळ थर दहा-वीस मिनिटांत सुकतो आणि एकदा सुकला की पाण्याने परत विरघळत नाही. छोट्या बैठकांत यामुळे अर्धा रंग पॅलेटवरच वाया जातो, आणि उद्या तीच छटा पुन्हा मिसळायला दहा मिनिटं लागतात. उपाय स्वस्त आहे: झाकण घट्ट बसणारा उथळ डबा, तळाशी ओल्या टिश्यूचे तीन-चार पदर, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. खालची ओल कागदातून हळूहळू वर येत राहते, त्यामुळे मिसळलेल्या छटा काही दिवस तशाच राहतात. कुंचल्यांना मात्र सवलत नाही. ते त्याच वेळी धुवावे लागतात, म्हणून एका बैठकीत दोनच वापरा.

तैलरंग सुकायला दिवसच्या दिवस घेतात, त्यामुळे छटा टिकवण्याची चिंता नसते. पॅलेटवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म ओढली की उद्याचं काम भागतं. रोज कुंचले धुण्याचा त्रासही टाळता येतो: रंग पुसून घ्या, केस करडईच्या तेलात बुडवा आणि कुंचले आडवे ठेवा. करडईचं तेल जवसाच्या तेलापेक्षा बरंच सावकाश सुकतं, त्यामुळे केस काही दिवस मऊ राहतात. बसल्यावर तेल नीट पुसून काढा, नाहीतर ते रंगात उतरून तो आणखी उशिरा सुकतो. घाईत आवरताना एक गोष्ट मात्र कधीही करू नका: जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता बाहेर टाकतं. गोळा झालेल्या फडक्यात ती कोंडते आणि ठिणगीशिवाय फडकं पेट घेऊ शकतं. फडकी मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा किंवा झाकण असलेल्या, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

मातीकामात बैठक किती वेळाची, हे माती ठरवते. चाकावर घडवलेलं भांडं पुरेसं कडक झाल्याशिवाय त्याचा तळ तासता येत नाही, आणि ती अवस्था हवेप्रमाणे काही तासांत किंवा दोन दिवसांत येते. तुम्ही त्या वेळी ऑफिसमध्ये असाल तर ती निघून जाते. पातळ प्लॅस्टिकमध्ये सैलसर गुंडाळून हा वेग कमी करता येतो, आणि कड लवकर वाळते म्हणून कडेवर प्लॅस्टिकचा दुहेरी पदर ठेवायचा. तरीही वीस मिनिटांच्या बैठकीत चाक लावणं व्यवहार्य नाही. त्या दिवसांत बोटांनी दाबून घडवायची छोटी भांडी करा, चाक सुट्टीच्या दिवशी.

वाद्य खोळीत असेल तर ते वाजत नाही. उन्हापासून आणि पंख्याच्या थेट झोतापासून लांब, स्टँडवर किंवा भिंतीवरच्या खुंटीला ठेवा. लाकडी तंतुवाद्याला ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी किंवा फार दमट असेल, तर खोळ बरी, पण ती उघडून समोर ठेवा. तानपुऱ्याचं ॲप, मेट्रोनोम आणि चालू ओळीचा कागद एकाच जागी असू द्या.

डिजिटल कामात पसारा दिसत नाही म्हणून तो नाही असं वाटतं. टॅबलेटची बॅटरी संपलेली, प्रोग्रॅम अपडेट मागतोय, नवी फाइल किती आकाराची घ्यायची याचा विचार. एक कोरी फाइल तयार करून ठेवा, उदाहरणार्थ ए-४ आकार, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. त्यात नेहमीचे लेअर आधीच नावं देऊन मांडलेले असावेत. चार्जिंगची जागा हीच कामाची जागा करा. लिहिणाऱ्यांना एवढंच: कॉम्प्युटर बंद करताना फाइल उघडी ठेवून झाकण मिटा, म्हणजे उघडल्यावर इनबॉक्सऐवजी परिच्छेद दिसेल.

पंचवीस मिनिटं आतून कशी दिसतात

ऍक्रिलिकमध्ये खिडकीतल्या कुंडीचं चित्र चालू आहे असं धरू. तिसरी बैठक.

पहिली दोन मिनिटं: डबा उघडा, टायमर लावा, काल बैठक संपताना लिहिलेली चिठ्ठी वाचा (तिच्याविषयी पुढे). चित्राकडे लांबून बघून 'काय हे!' म्हणायची ही वेळ नाही. पुढची चार मिनिटं अगदी सोपं काम: मागची सपाट भिंत, जिचा रंग ठरलेला आहे, ती मोठ्या चपट्या कुंचल्याने भरत जा. याचं कारण साधं आहे. बाहेरून आलेला हात जड असतो, पहिल्या चार-पाच फटकाऱ्यांत तो जास्त दाब देतो. ते फटकारे पानाच्या कडेवर पडले तर नुकसान होतं, भिंतीवर पडले तर काही बिघडत नाही. गवई आधी स्वर लावतो, तसंच.

सहाव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत एकच प्रश्न हातात घ्या. कुंडीच्या डाव्या बाजूची सावली. ती करताना उजवं पान खटकलं तरी तिकडे जाऊ नका, टेबलावरच्या कागदावर 'उजवं पान' एवढं लिहा आणि परत या. छोट्या बैठका वाया जातात त्या बहुतेक वेळा अशा: पाच ठिकाणी थोडं थोडं हात लावून एकही जागा पुढे सरकत नाही.

विसाव्या मिनिटाला उठून दोन मीटर मागे जा किंवा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंग बाजूला पडले की उजेड-अंधाराच्या चुका लगेच दिसतात. दिसतील त्या लिहा. दुरुस्त आज करू नका. शेवटच्या तीन मिनिटांत दोन कुंचले धुवा, डब्याचं झाकण लावा आणि चिठ्ठी लिहा.

रात्रीच काम करणाऱ्यांसाठी एक जोड: पिवळसर बल्बखाली पिवळ्या आणि पांढऱ्या छटांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि सकाळी चित्र भलतंच दिसतं. ५००० केल्विनच्या आसपासचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० पेक्षा जास्त असलेला दिवा घ्या. तो नसेल तर रंग ठरवायचं काम दिवसासाठी ठेवून रात्री रेखाटन, आकार, पोत एवढंच करा.

चिठ्ठी

या लेखातली एकच गोष्ट करायची झाली, तर ही करा. दर बैठकीच्या शेवटी तीन ओळी: कुठे थांबलो, उद्याची पहिली हालचाल काय, आणि मनातली शंका.

'चित्र पूर्ण करणे' ही चिठ्ठी नव्हे, ती इच्छा झाली. 'डावी सावली दोन थर झाले, तिसरा निळसर हवा. उद्या आधी चपट्या कुंचल्याने भिंतीची वरची पट्टी. कुंडीची कड फार काळी झाली का?' ही चिठ्ठी. पहिली हालचाल हाताने करण्याजोगी असली पाहिजे: कुठला कुंचला, कुठली जागा, कितवी ओळ. लिहिणाऱ्याने अर्धवट वाक्यावर थांबून त्याचा शेवट चिठ्ठीत टिपावा. वादकाने लिहावं, 'दुसरी ओळ ६० च्या लयीत साफ, ७२ ला तिसऱ्या बोटावर अडखळतं. उद्या ६४ पासून.'

लक्षाच्या या सांडलवंडीचा अभ्यासही झालेला आहे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याकडेच रेंगाळतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवलं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात, काम सोडताना 'कुठे आहे आणि परतल्यावर काय करायचं' हे पटकन लिहून ठेवणाऱ्यांचं मधल्या कामात लक्ष जास्त लागलं. कलाकाराला याचा फायदा दोन्हीकडून होतो: उद्या बसताना धागा सापडतो, आणि आज ऑफिसच्या मीटिंगमध्ये डोक्यात सावली घोळत राहत नाही.

काम नेमकं संपलं त्या दिवशी अडचण होते, कारण उद्यासाठी काहीच उरत नाही. अशा वेळी त्याच बैठकीत पुढच्या कामाचा कागद टेप लावून ठेवा, फाइलला नाव द्या, पहिली वाईट रेघ आजच मारा. दोन कामांमधली फट हीच सवय तुटण्याची आवडती जागा आहे.

थकलेल्या डोक्याची कामं वेगळी

पहिल्या आठवड्याच्या नोंदीत काही जागा 'ताज्या' होत्या, काही 'थकलेल्या'. रचना ठरवणं, नवा खर्डा, नवीन चीज बसवणं हे ताज्या जागेचं काम. थकलेल्या जागेसाठी एक यादी ताटातच ठेवा: कागद कापणं, कॅनव्हासला गेसोचा (रंगाखालच्या अस्तराचा) थर देणं, पक्क्या रेघा शाईने ओढणं, खर्डा टंकणं, संदर्भाचे फोटो निवडून छापणं. प्रवासात किंवा रांगेत ५ बाय ७ सेंटीमीटरच्या चौकटीतली तीन-चार कच्ची रेखाटनं खिशातल्या वहीत होतात. संगीतवाल्यांना ऐकणं आणि मनात लय धरणं.

धोका असा, की थकलेल्यांची यादी गोड असते. तिच्यातली कामं संपतात, ताज्या यादीतली संपत नाहीत. म्हणून आठवड्यात अशा दोनच बैठका धराव्यात. पेन्सिलींना टोक काढणं कितीही समाधान देत असलं तरी तो कलाप्रकार नाही. आणि फोटो टाकणं, ईमेलला उत्तरं देणं, स्पर्धेचे अर्ज भरणं हे बैठकीत धरूच नका. त्याला आठवड्यात एकदा वेगळी ४५ मिनिटं द्या, नाहीतर ते शेजारच्या शेतात घुसणाऱ्या गुरांसारखं पसरतं.

चुकलेले दिवस आणि एकवीस दिवसांची गोष्ट

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बैठक झाली की फुली, फक्त किमान काम झालं तर टिंब. बस. मिनिटं, मूड, गुण यांची नोंद ठेवू नका, ती ठेवण्याचंच एक काम होऊन बसतं.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याचं मूळ १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने केलेल्या निरीक्षणात आहे: रुग्णांना स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' कालौघात गळाला, आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक साधी कृती ८४ दिवस करून पाहिली. ती अंगवळणी पडायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. यातला मोठा आकडा गणिताने पुढे नेऊन काढलेला आहे, कारण अभ्यास ८४ दिवसांचाच होता. त्यातच दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने घडणारी सवय फारशी मागे जात नाही. मात्र त्या कृती फळ खाणं किंवा पाणी पिणं अशा होत्या. चित्र काढणं कधीच आपोआप होणार नाही, आपोआप होतं ते जागेवर जाऊन बसणं. म्हणून सवय बसण्याची लावायची आणि तीन महिने धरून चालायचं.

एक दिवस चुकला तर भरपाई करू नका. दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचं ठरवलं की तो दिवसही जड होऊन चुकतो. सलग दोन चुकले तर तिसऱ्या दिवशी किमान काम, जास्त नाही. आठवड्यात तीनदा चुकलं, तर बांधलेली घटना किंवा जागा चुकीची आहे. स्वतःला रागावण्याऐवजी पुन्हा तीन दिवस नोंद करा.

कुठे काय बिघडतं

फोनचा टायमर लावणं हा सापळा आहे, तो लावायला फोन हातात घ्यावा लागतो. साधा चावीचा टायमर आणा. संदर्भचित्र छापून ठेवा, विसाव्या मिनिटाचा तो एक फोटो सोडला तर फोन दुसऱ्या खोलीत.

घरच्यांना 'मला त्रास देऊ नका' असं मोघम सांगून चालत नाही. 'दार लोटलेलं असलं तर पंचवीस मिनिटं, टायमर वाजला की मी येते' असं सांगितलं तर लहान मुलालाही कळतं. टायमर वाजल्यावर मात्र खरंच उठा. दोनदा नाही उठलात, की तिसऱ्यांदा कुणी थांबत नाही. घरात तान्हं मूल असेल तर पंचवीस मिनिटांचा हट्ट सोडून दहा-दहाच्या दोन बैठका करा आणि चिठ्ठी आधीच लिहून बसा, कारण शेवटी लिहायला वेळ मिळेलच असं नाही.

कमिशनची, म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेली कामं करणाऱ्यांची अडचण वेगळी: हात दिवसभर चालतो, पण दुसऱ्याच्या चित्रावर. स्वतःच्या कामाची पंधरा मिनिटं दिवसाच्या सुरुवातीला, गिऱ्हाइकाची फाइल उघडण्याआधी ठेवा. मुदत दोन आठवड्यांच्या आत आली, तर स्वतःचं काम उघडपणे किमानावर आणा आणि कॅलेंडरवर परत वाढवण्याची तारीख लिहा. तारीख न लिहिलेली सवलत कायमची होते.

एका वेळी चालू कामं दोनच: एक मुख्य, एक हलकं. तिसरं सुचलं तर वहीत.

आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात सगळं केलेलं काम टुकार वाटायला लागतं. नवलाई संपलेली असते आणि हातात फरक दिसायला अजून वेळ असतो. प्रत्येक तुकड्यावर मागे तारीख टाका आणि महिन्यातून एकदाच सगळे जमिनीवर ओळीने मांडून बघा. रोजच्या रोज न्याय करत बसलात तर आजचं चित्र कालच्यापेक्षा वाईट निघण्याची शक्यता निम्मी असतेच. महिन्याच्या ओळीत मात्र कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय ते दिसतं, उदाहरणार्थ सगळ्याच सावल्या काळ्या. पुढच्या महिन्याचं काम तिथे ठरतं.

मोठा खंड पडल्यावर

आजारपण, बदली, घरातलं कार्य, काहीही होवो, कधीतरी दीड-दोन महिन्यांचा खंड पडणारच. परतताना जुन्या कामासमोर थेट बसू नका. पहिल्या दिवशी फक्त ताट काढा, सुकलेले रंग टाका, कडक झालेले कुंचले बाजूला करा, शेवटची चिठ्ठी वाचून परत ठेवा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीतली पहिली हालचाल एका वेगळ्या कागदावर करून बघा. तिसऱ्या दिवशी मूळ कामाला हात लावा, किमान मर्यादेत. चिठ्ठी वाचूनही काही अर्थ लागत नसेल, तर ते काम उलटं करून भिंतीला टेकवा आणि नवा कागद टेप लावून ठेवा.